अभयारण्याच्या बाहेर, माझ्या मोजणीप्रमाणे

“सर, विहीर जुळत नाहीये,” वनखात्याच्या रेंजर सोनवणे मॅडम म्हणाल्या.

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मशीनच्या स्क्रीनकडं बघत राहिलो. स्क्रीनकडं बघत राहिलं की समोरचा माणूस गप्प बसतो, हे मला नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत कळलं होतं. पुढची तेवीस वर्षं हिवराळेंनी, म्हणजे मी, त्यावरच काढली, असं म्हणणारे लोक आमच्या ऑफिसात आहेत.

मॅडम गप्प बसल्या नाहीत. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. नकाशात विहीर एका जागी होती आणि जमिनीवर ती बऱ्यापैकी बाजूला होती. मी त्यांना समजावलं की नकाशा निजामाच्या काळातला आहे. तेव्हाचे मोजणीदार लोखंडी साखळी ओढत डोंगर चढायचे, चुका व्हायच्याच. शिवाय गावात चार विहिरी आहेत, नकाशातली विहीर ही नसणार. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला दोष देणं सोपं असतं. तो खुलासा करायला येत नाही.

मॅडमनी वाद घातला नाही. पंचनाम्यात शेवटी एक ओळ लिहिली, ‘विहिरीचे ठिकाण जुळत नसल्याबाबत हरकत,’ आणि खाली सही केली. मी मनात म्हणालो, नवीन आहे, शिकेल.

मी भूकरमापक. म्हणजे सरकारी मोजणीदार. शेताची हद्द कुठून कुठं जाते हे यंत्र लावून सांगायचं, एवढंच माझं काम. एरवी दोन भावांचा बांध, शेजाऱ्यांची भांडणं, फार तर एखादा रस्ता. पण त्या वर्षी माझ्याकडं हायकोर्टाची मोजणी आली. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घरापासून खंडपीठ काही फार लांब नाही, तरी अठ्ठावीस वर्षांत मी तिथं आत पाऊल टाकलं नव्हतं.

प्रकरण असं होतं. फुलंब्री सोडून पुढं डोंगरात गेलं की एक अभयारण्य लागतं. नाव सांगत नाही. त्याला लागून संजय तुपे यांची वडिलोपार्जित जमीन. तुपेंनी तिथं कॅम्प सुरू केला होता. बारा तंबू, जेवणाची मोठी शेड आणि एक झिपलाइन. दोन खांबांमध्ये तार ताणायची आणि पट्ट्याला लटकून तिच्यावरून घसरत जायचं, त्याला झिपलाइन म्हणतात. शनिवार-रविवारी शहरातून गाड्या भरून लोक यायचे, गाणी लागायची, लाइटी लागायच्या. वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी याचिका टाकली की हा सगळा धंदा अभयारण्याच्या आत चालला आहे. कायदा सरळ आहे. अभयारण्याच्या आत असला व्यवसाय चालत नाही. बाहेर असेल तर परवानगी आणि अटी पाळून चालू शकतो. तुपे म्हणत, माझा कॅम्प माझ्या जमिनीत आहे, बाहेर आहे. वनखातं म्हणे, तुम्ही हद्द ओलांडून आत आलात.

कोर्टानं दोघांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, आधी मोजा. तोवर कॅम्प बंद.

आता मोजणी कशी करतात तेवढं सांगतो, म्हणजे माझी चूक नीट कळेल. आमच्याकडं रोव्हर नावाचं यंत्र आहे. तुम्ही कुठं उभे आहात ते उपग्रहावरून अगदी बोटभर अंतराच्या हिशेबात सांगतं. पण जुन्या नकाशाला उपग्रह माहीत नाही. तो म्हणतो, अमुक दगडापासून तमुक दगडापर्यंत इतकं अंतर. म्हणून नकाशातल्या खुणा आधी जमिनीवर शोधायच्या. किमान तीन. त्या तिन्ही जुळल्या की नकाशा जमिनीवर बसला असं समजायचं. एक जरी जुळली नाही तर थांबायचं.

या अभयारण्याची हद्द तीन गावांच्या शिवा मिळतात त्या दगडापासून सुरू होत होती. तो दगड मी स्वतः शोधला. तुपेंची माणसं दाखवायला येत होती, वनरक्षक येत होते, मी दोघांनाही लांब ठेवलं. पक्षपाताचा आरोप नको. पाझर तलावाच्या काठावर घाणेरीच्या जाळीत हात घालून, ओरखडे काढून घेऊन मी दगड उघडा केला. घडीव, चौकोनी, वर छिन्नीनं कोरलेली फुली, ओळंब्यात ताठ उभा. मी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि म्हणालो, “बघून घ्या. असे दगड आता दिसत नाहीत.” मग टेकडीवरचा दुसरा दगड शोधला. दोन्ही दगडांमधलं अंतर दोन किलोमीटरच्या वर. ते नकाशाशी ताडून पाहिलं तर फरक जेमतेम एका मीटरचा. साखळीच्या जमान्यात हे फार छान मानतात. माझी छाती फुगली. मग विहीर जुळली नाही तर दोष कुणाचा? विहिरीचा.

नकाशाच्या कडेला उर्दूत एक ओळ होती. मला उर्दू येत नाही. ती मी शोभेची समजून सोडून दिली.

निकाल आला तो असा, की कॅम्पचा सगळ्यात आतला तंबूसुद्धा हद्दीच्या पस्तीस मीटर बाहेर. मोजणीनंतर आम्ही जो अंतिम नकाशा देतो त्याला ‘क’ प्रत म्हणतात. ती मी सुबक रंगवून दिली. आमचे उपअधीक्षक देशमुख साहेब फारसं कौतुक करणारे नव्हेत. त्यांनी ती उलटसुलट बघितली आणि म्हणाले, “कोर्टात शोभेल.” कोर्टात ती शोभलीही. पुढची तारीख होईपर्यंत कॅम्प चालू ठेवायला परवानगी मिळाली. शेडमधली चूल पुन्हा पेटली आणि तुपेंनी काढलेली माणसं परत कामावर घेतली.

इथं थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मला माझं काम कुणाला तरी दाखवायचं होतं. ऑफिसात कुणाला रस नव्हता. म्हणून एका रविवारी मी बायकोला, सुनंदाला, गाडीवर बसवलं आणि तो दगड दाखवायला घेऊन गेलो. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळं सहन करायची सवय आहे. तरी वाटेत म्हणाली की तीस वर्षांच्या संसारात एकदा वेरूळ दाखवलंत आणि आता हा दगड, म्हणजे आवड तीच आहे, फक्त कोरीवकाम कमी झालंय.

तलावाच्या काठावर एक म्हातारी पाच-सहा शेळ्या घेऊन बसली होती. अभयारण्यात चराई बंद असते. पण माझ्या मोजणीप्रमाणे ती जागा बाहेर होती, त्यामुळं शेळ्या कायदेशीर होत्या. म्हातारीचं नाव गयाबाई. सुनंदानं तिच्याशी बोलणं काढलं. सून काय करते, नातवंडं किती. सून सुरेखा तुपेंच्या कॅम्पवर भाकरी थापायला होती. मध्ये कॅम्प बंद पडला तेव्हा घरी बसली होती, आता पुन्हा लागली, असं गयाबाईनं समाधानानं सांगितलं.

मी दगडाजवळ उभा राहून त्याची महती सांगत होतो. गयाबाई ऐकत होती. मग सुनंदाकडं बघून म्हणाली, “जुना हाय, पण हितला नाय तो.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“माझ्या सासऱ्यानं आणला. बैलगाडीत घालून. बहात्तरच्या दुष्काळात ह्या तलावाचं काम निघालं व्हतं. मी नवी नवरी, खडी फोडायला यायची. पाणी भरलं की सरकारचा दगड बुडंल म्हणून मुकादम बोलला, वर नेऊन ठिवा. सासऱ्यानं लई नीट ठिवला. चौकोनी खड्डा खांदून, वळंबा लावून.”

“लई नीट ठेवलाय,” सुनंदा म्हणाली.

मी हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं, पण चेहऱ्याला दुसरं काही सुचलं नाही. दगड आधी कुठं होता, असं विचारलं. गयाबाईनं तलावाच्या पाण्याकडं हात केला. काठापासून साठेक मीटर आत. मग मी अगदी सहज विचारल्यासारखं विहिरीचं विचारलं. ती आमच्या आजेसासऱ्याच्या बी आधीची, असं ती म्हणाली, आणि एका शेळीला हाळी देऊन उठली.

परतताना मला सगळं दिसायला लागलं. दार बिजागरीवर फिरतं ना, तसं झालं होतं. टेकडीवरचा दगड म्हणजे बिजागरी. तलावाकाठचा दगड म्हणजे दाराची कड. कड साठ मीटर बाजूला सरकली, तरी कड आणि बिजागरीमधलं अंतर तेवढंच राहतं. म्हणून माझं अंतर जुळलं. आणि तुपेंचा कॅम्प नेमका या कडेच्या टोकाला. विहीर बिचारी सांगत होती. सोनवणे मॅडम सांगत होत्या. मी स्क्रीन बघत होतो.

त्यानंतर अकरा दिवस मी काहीही केलं नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं. त्यातले पहिले चार दिवस मी गयाबाईला विसराळू ठरवण्यात घालवले. सत्तरीची बाई, पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट, काय भरवसा. पुढचे तीन दिवस, कोर्टानं मला विचारलंच नाही तर मी कशाला बोलू, या विचारात गेले. मग मी आजारी पडायचा प्रयत्न केला, तेही जमलं नाही. सुनंदा रोज सकाळी चहा ठेवताना विचारायची की दगडाचं काय झालं. तिचा आवाज चढत नसे. पाढे न येणाऱ्या पोराला ती रोज त्याच आवाजात विचारते, हे मला माहीत होतं.

बाराव्या दिवशी मी नकाशाची प्रत घेऊन सय्यदभाईंकडं गेलो. ते आमच्याच खात्यात जुनं रेकॉर्ड सांभाळायचे, आता रिटायर झालेत. कडेची उर्दू ओळ त्यांनी चष्मा न लावता वाचली. दगड नाल्याच्या काठापासून वीस कदम, असं लिहिलं होतं. मी शोधलेल्या दगडापासून नाला सहज ऐंशी कदम होता. सय्यदभाईंनी विचारलं, “पहले क्यों नहीं आए मियाँ?” मी म्हणालो, कामात होतो.

तिथून सरळ ऑफिसात गेलो आणि देशमुख साहेबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले.

“तुम्हाला कुणी विचारलंय का याबद्दल?”

“नाही साहेब.”

“कोर्टानं? वनखात्यानं?”

“मॅडमनी हरकत घेतली होती. पण ती मीच खोडून काढली.”

“म्हणजे तुमची मोजणी चुकली, हे सांगणारे तुम्ही एकटेच.”

“आणि एक म्हातारी.”

साहेबांनी पेपरवेट खाली ठेवला. म्हणाले, चूक कबूल करणं चांगलंच असतं, पण लोक ती तालुक्याला कबूल करतात, तुम्ही हायकोर्टात करणार. मग मात्र त्यांनी स्वतः बसून सरकारी वकिलांना पत्र तयार करून दिलं. पत्रात ‘अनवधानाने’ हा शब्द तीनदा होता. मी म्हणालो, अनवधान एकदाच झालं होतं. ते म्हणाले, तुमच्याच सोयीसाठी लिहिलंय, राहू द्या.

खरी गंमत यानंतर सुरू झाली. चूक झाली यावर कुणाचाच विश्वास बसेना. गावात बोललं गेलं की हिवराळेनं आधी तुपेंकडून खाल्लं आणि आता दुसऱ्या बाजूकडून खाल्लं. ऑफिसात दोघं-तिघं अचानक आदरानं बोलायला लागले. करमाडला राहणारा माझा मेहुणा फोन करून म्हणाला, दाजी, तुमच्यात एवढी हिंमत असंल असं वाटलं नव्हतं. मी त्याला कळवळून सांगितलं की मी एक रुपया घेतला नाही, मी नुसताच चुकलो. तो म्हणाला, तसंच सांगत राहा. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा लोक मला हुशार समजत होते आणि ते मला कागदोपत्री खोडून काढायचं होतं.

तुपे स्वतः ऑफिसात आले. चिडतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “साहेब, मी तर तुम्हाला मोजणीच्या दिवशी चहा बी पाजला नाही. वकिलानंच सांगितलं व्हतं, लांब राहा. काही कमी पडलं असंल तर तसं सांगायचं व्हतं.”

“तुपे, काही कमी पडलं नाही. दगड मूळ जागेवरचा नव्हता.”

“दगड तर तुम्हीच शोधला.”

माणूस वाईट नव्हता. आपली जमीन तलावापर्यंत आहे असं त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं, आणि मी तर सरकारी शिक्का मारून दिलेला. माझ्या ‘क’ प्रतीच्या जोरावर त्यांनी पुढच्या हंगामाची बुकिंगं घेतली होती.

कोर्टानं फेरमोजणीचा आदेश दिला. दगड मुळात कुठं होता हे दाखवायला पुरावा पाहिजे होता, आणि जबाब देणारी एकटी गयाबाई. मी आणि सोनवणे मॅडम तिच्या घरी गेलो. सुरेखा दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही. तिनं मलाच विचारलं, सासूनं अंगठा दिला तर माझं काम जाणार ना? मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार? मोजताना मी असाच स्पष्ट वागलो असतो तर तिच्या दारात उभं राहायची वेळ आली नसती.

गयाबाई आतून आली. तिला मी सांगितलं की बाई, तुम्हाला पक्कं आठवत नसेल तर तसं म्हणा, कुणी काही म्हणणार नाही. खरं सांगायचं तर मी तिला पळवाट देत होतो, आणि तिच्यामागून मलाही निघायचं होतं.

ती सुनेकडं बघून बोलली. “सासऱ्यानं दगड आणला तो आणला. मी गाडीमागं चालत व्हते. आता नाय कसं म्हणू?”

मॅडमनी जबाब लिहिला, वाचून दाखवला. गयाबाईनं अंगठा नाही दिला, सही केली. मोठ्या अक्षरांत, सावकाश. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकले, असं म्हणाली. सुरेखानं तोवर चूल पेटवली होती. चहा मात्र आला नाही.

एप्रिलच्या शेवटी तलाव आटला. भेगाळलेला गाळ उघडा पडला तेव्हा आम्ही सगळे जमलो. मॅडम, तुपे आणि त्यांचे वकील, प्राध्यापक, पंच, मजूर आणि काठावर गयाबाई. या वेळी मी उलटं काम केलं. टेकडीवरचा दगड आणि विहीर पक्की धरली आणि नकाशाप्रमाणे काठावरचा दगड मुळात कुठं यायला पाहिजे ते काढलं. जागा तलावाच्या पोटात आली. मी चुन्यानं फुली मारली. आमचे जुने लोक हद्दीच्या दगडाखाली कोळसा, चुना आणि खापराचे तुकडे पुरायचे. दगड कुणी उपटला तरी कोळसा कुजत नाही, जागा सापडते. तोच शोधायचा होता.

मजुरांनी कमरेइतका खड्डा केला. गाळ, मग पिवळी माती, मग मुरूम. काही नाही. ऊन डोक्यावर आलं. प्राध्यापक छत्री धरून खड्ड्यात वाकून बघत होते. मी रोव्हर पुन्हा पुन्हा लावून बघत होतो, कारण हाताला काहीतरी काम पाहिजे. लोकांना मी दोनदा चुकलेला दिसणार होतो. सोनवणे मॅडम हळूच म्हणाल्या की साखळीच्या मोजणीत एखाद-दोन मीटर इकडं तिकडं होतंच, असं तुम्हीच सांगितलं होतं ना सर, खड्डा रुंद करू. या खेपेला मी त्यांचं ऐकलं.

मजूर सावलीत बसले होते. तुपेंना धीर निघेना. इथं काही नाही हे एकदाचं दाखवून टाकावं म्हणून त्यांनी स्वतः फावडं घेतलं, खड्ड्यात उतरले आणि पूर्वेची बाजू फोडायला लागले. पाच-सहा घाव घातले असतील. माती काळी पडली. तुपे थांबले. वाकून त्यांनी मूठभर उचललं. कोळशाचे खडे, चुन्याचे पांढरे गोळे, लाल खापराचा तुकडा.

तुपे म्हणाले, “कुणाच्या चुलीचं बी असंल.”

“तलावात चूल?” मी म्हणालो.

“तवा तलाव नव्हता ना, साहेब.”

हे अगदी बरोबर होतं. पुढं त्यांच्या वकिलांनी कोर्टात हाच मुद्दा मांडला, आणि चांगला मांडला. पण कोळशाची जागा विहिरीशी जुळत होती, टेकडीवरच्या दगडाशी जुळत होती, नाल्याच्या जुन्या काठापासूनच्या वीस कदमांशी जुळत होती, आणि गयाबाईनं हात केला होता तिथंच होती. चूल एवढ्या ठिकाणी जुळत नाही.

नव्या मोजणीत बारापैकी नऊ तंबू, जेवणाची शेड आणि झिपलाइनचा एक खांब अभयारण्याच्या आत आला. तीन तंबू खरंच बाहेर होते. तेवढी माझी पहिली मोजणी बरोबर निघाली असं मी सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, शाळेत पंचवीस टक्क्यांना नापासच म्हणतात.

कोर्टात मला हजर राहायला सांगितलं होतं. इस्त्रीचा शर्ट, नवीन फाइल, फाइलीत चूक कशी झाली याचं चार पानी टिपण. बिजागरीची आकृतीसुद्धा काढली होती. न्यायमूर्तींनी विचारलं की पहिला अहवाल चुकीचा कसा आला.

मी म्हणालो, “माझी चूक झाली. तिसरी खूण जुळत नव्हती, तरी मी पुढं गेलो.”

ते पुढच्या वाक्याची वाट बघत थांबले. मी चार पानांकडं बघितलं. पुढचं वाक्य त्यात कुठंच नव्हतं. आकृती होती, साखळी होती, निजाम होता, पण यापुढं सांगण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि सरकारी वकिलांना पुढं बोलायला सांगितलं. मी बसलो. इतकं थोडं बोलून माझं कुठलंच काम त्याआधी झालं नव्हतं.

आदेश झाला. आतले तंबू, शेड आणि तार काढून घ्यायची, जागा होती तशी करून द्यायची. बाहेरच्या जागेत काही करायचं तर नव्यानं अर्ज, आवाज आणि दिव्यांच्या अटींसह. आदेशात एका वाक्यात माझा उल्लेख होता. मोजणीदाराचा निष्काळजीपणा गंभीर आहे, परंतु त्याने स्वतःहून चूक निदर्शनास आणली याची नोंद घेण्यात येते. ऑफिसनं पहिला अर्धा भाग वाचून मला कारणे दाखवा नोटीस दिली. मी खुलासा दिला, ताकीद मिळाली, सर्व्हिस बुकात नोंद झाली. दुसरा अर्धा भाग देशमुख साहेबांनी लाल पेनानं अधोरेखित करून फाइलला लावला. त्यांच्या मानानं एवढं बरंच झालं.

तुपेंनी पावसाळ्याआधी सगळं काढलं. मी पाहणीला गेलो होतो. झिपलाइनचा खांब उपटताना ते शेजारी उभे होते, माझ्याशी बोलले नाहीत. आता रस्त्याकडच्या त्यांच्याच शेतात पाच तंबू आहेत. गाणी वाजत नाहीत. येणारे लोक कमी झाले, पण दुर्बिणी घेऊन येतात, असं ऐकतो. सुरेखाला त्यांनी पहिल्या हंगामात घेतलं नाही. दुसऱ्या हंगामात घेतलं, कारण तिच्यासारखी भाकरी दुसऱ्या कुणाला जमेना. मधलं वर्ष त्या घरानं कसं काढलं हे मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

सोनवणे मॅडमची मराठवाड्याबाहेर बदली झाली. जाण्याआधी ऑफिसात आल्या होत्या. मी त्यांना म्हणालो, त्या दिवशी तुमचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. त्या हो म्हणाल्या. नाही हो, तसं काही नाही, असं काहीतरी म्हणतील अशी माझी अपेक्षा होती.

माझी आता नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत. मोजणीला नवीन पोरं माझ्याबरोबर येतात, त्यांना यंत्र माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांना मी एवढंच सांगतो, की यंत्र बोटभरही चुकत नाही, पण कुठून मोजायचं हे त्याला आपणच सांगायचं असतं, आणि तिथं आपण साठ मीटर चुकू शकतो. म्हणून गावात गेलं की मी आधी सगळ्यात म्हाताऱ्या बाईचं घर विचारतो. गडीमाणसं हद्द कुठं असायला पाहिजे ते सांगतात. दगड कुणी उचलला, कुठून आणला आणि तेव्हा गाडीला कुणाचे बैल होते, ते बायांना माहीत असतं. यात अर्धा दिवस जातो, चार घरचा चहा होतो, आणि ऑफिसात सगळ्यात जास्त प्रकरणं माझ्याच टेबलावर पडून असतात. साहेबांनी त्याबद्दलही नोटीस दिली आहे. खुलासा लिहितोय.